अकरा मिनिटांची गोलकीपर

ड्रमशॅना, ४ नोव्हेंबर २०१०

उल्टान,

नदीच्या या काठावरून त्या काठाला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणा आहे, कबूल. तुझ्या लोखंडी सामानाच्या दुकानाची पाटी माझ्या स्वयंपाकघरातून वाचता येते. पण फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला एकमेकांचं बालपण काढतो. शिवाय वकीलबाईंनी मला बजावलंय : "क्लबचा माणूस गोड बोलला तर ऐकून घ्या, मान मात्र डोलवू नका. लिहून मागा." तू माझा धाकटा भाऊ आहेस, पण गेल्या महिन्यापासून ड्रमशॅना सेल्टिकचा अध्यक्षही आहेस. आधीच्या अध्यक्षानं, मॅकगर्कनं, बुडती होडी तुझ्या हाती दिली आणि तू सुकाणू मिळालं म्हणून पेढे वाटल्यासारखा गावभर फिरलास. तेव्हा हे पत्र अध्यक्षाला. भावाला निरोप एवढाच, की आईचा गुडघा सुजलाय, तिला माळ्यावर चढवू नकोस.

पत्र आईच आणेल. गुरुवारी ती माझ्याकडे जेवते, रात्री तुझ्याकडे झोपते. एवढं स्वस्त आणि एवढं चौकस टपालखातं दुसरं मिळायचं नाही.

आता मुद्दा. अठरा वर्षं मी क्लबचं ऑफिस सांभाळलं. गेल्या डिसेंबरात मॅकगर्क म्हणाला, "खेळाडूंना सांग, बँकेचं यंत्र बिघडलंय, पगार पुढच्या आठवड्यात." हेच यंत्र सप्टेंबरात बिघडलं होतं, ऑक्टोबरातही. मी म्हटलं, "आता त्या यंत्रासाठी पाद्री बोलवा, फार दिवस काढायचं नाही ते." संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला. उद्यापासून येऊ नये, किल्ल्या पेटीत टाकाव्यात. अठरा वर्षांचा निरोप दोन ओळींत. त्यातली एक किल्ल्यांची.

लवादानं जूनमध्ये निवाडा दिला, की थकलेला पगार आणि भरपाई मिळून मला सतरा हजार युरो द्यावेत. सुनावणीला क्लबकडून कुणी फिरकलंही नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीला हरवून मी घरी आले. त्याला पाच महिने होत आले. निवाडा चौकटीत घालून भिंतीवर लावता येतो, पण बँक भिंत बघत नाही. घराचे हप्ते थकलेत. जानेवारीअखेर रक्कम भरली नाही तर घर गेलं, असं त्यांनी फार सभ्य भाषेत कळवलंय.

पैसे कधी मिळतील, तेवढं लिही. क्लबच्या कागदावर.

फिडेल्मा

*

१० नोव्हेंबर

प्रिय फिडेल्मा,

क्लबचे कागद संपले आहेत. छापणाऱ्याचं बिल थकल्यामुळे तो नवे देत नाही. म्हणून दुकानाच्या पावतीमागे लिहितोय.

तुझा राग मी समजू शकतो. पण जरा बाहेर बघ. देशाचंच दिवाळं निघालंय, सरकार परक्यांपुढे झोळी घेऊन उभं आहे. अशा वेळी एका छोट्या गावच्या फुटबॉल क्लबानं निवाड्याबरहुकूम वागावं हा हट्ट कुणाचा, तर अठरा वर्षं त्याच क्लबच्या किटलीतून चहा ओतणाऱ्या बाईचा! आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबात कुणी कुणाला नोटीस पाठवतं का?

आम्ही तुला विसरलेलो नाही. वार्षिक जेवणात तुला काचेचा कोरीव वाडगा देऊन सत्कार करायचं ठरलंय. जेवणाचं तिकीट चाळीस युरो आहे, पण तुझ्यासाठी तीस. महिला संघाच्या पोरी तर म्हणत होत्या, "आपल्या गोलकीपरबाई आल्याच पाहिजेत!" अकरा मिनिटांत चार गोल! चार वर्षं झाली, अजून पबमध्ये तो किस्सा निघाला की लोक ग्लास खाली ठेवतात.

आणि खरी आनंदाची बातमी आता सांगतो. क्लब वाचतोय! जुनी कंपनी गुंडाळून आम्ही नवी काढतोय, गावाच्या मालकीची. पाचशे युरोला एक भाग. जर्सी तीच, मैदान तेच, नाव तेच. शंभरावर लोकांनी पैसे भरलेत. आईनंसुद्धा भाग घेतला, तिच्या कफनाच्या पैशातून. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "मी मेल्यावर मला पुरायला तुम्ही काही पैसे मागणार नाही. क्लब मेला तर गावाला रविवारी तोंड कुठे दाखवायचं?"

जरा दम धर.

तुझा उल्टान

*

११ नोव्हेंबर

उल्टान,

आई समोर बसून बटाटे सोलतेय आणि मी लिहितेय. तुझं पाकीट तिनं उघडलेलं नाही, असं ती म्हणते. आतल्या पावतीवर लोण्याचा डाग आहे.

वाडगा तुझ्याकडेच ठेव. हप्ता भरायला नेला तर बँकवाला त्यात सफरचंदं ठेवेल.

तुझी आनंदाची बातमी मी तीनदा वाचली. तू एवढा भोळा आहेस की एवढा हुशार, ते मला पन्नास वर्षांत ठरवता आलेलं नाही. म्हणून दोन सरळ प्रश्न.

माझा निवाडा जुन्या कंपनीवर आहे. तिला तुम्ही पुरताय. जर्सी, मैदान, नाव, प्रेक्षक, सगळं नव्या कंपनीच्या घरात जाणार. मग पेटीत प्रेताबरोबर मी एकटीच राहणार का? नवी कंपनी माझे पैसे देणार की नाही?

दुसरा प्रश्न. चार वर्षांपूर्वी मॅकगर्कनं क्लबला तीस हजार दिले. मैदानावरच्या स्टॅंडला त्याचं नाव दिलं, बँड वाजला, केक कापला. त्या तीस हजारांचं नव्या कंपनीत काय होणार?

उत्तरं क्रमानं दे.

फिडेल्मा

*

२४ नोव्हेंबर

प्रिय फिडेल्मा,

मागच्या गुरुवारी आईला रिकाम्या हातानं पाठवलं, कारण मी डब्लिनला फुटबॉल महासंघाच्या कचेरीत होतो. फेब्रुवारीत खेळायचं तर परवाना हवा आणि परवान्यासाठी जुनी 'फुटबॉलची देणी' फेडलेली दाखवावी लागतात. नियम असा, की खेळाडूंचं एका पैचंही देणं राहता कामा नये. ज्याचं बाकी असेल त्याच्याकडून 'माझं काही येणं नाही' असं सही करून आणायचं. पोरांनी समजूतदारपणे शंभरातले चाळीस घेऊन सह्या दिल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. (क्लबच्या प्रेमापोटी, असं मी धरतो.)

बाकीची देणी म्हणजे बसवाला, धोबी, छापखाना आणि ऑफिसमधली माणसं. ही फुटबॉलची देणी नव्हेत. ती जुन्या कंपनीबरोबर जातात. हा नियम मी केलेला नाही. खेळतो तो माणूस आणि त्याचे मोजे धुणारा हिशेबाबाहेर, अशी जगाचीच रीत आहे.

तुझ्याकडून कसलीच सही नको, हेच बरं आहे. तुला काहीच त्रास नाही.

तुझ्या घराचं ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे.

तुझा उल्टान

*(त्याच कागदाच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात)* फिडेल्मा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलेलं नाही, हे मी सांगत नाही. मी पाकीट उघडलेलंच नाही. बर्फ पडणार म्हणतात. पाण्याचे नळ गुंडाळून ठेव. – आई

*

१४ जानेवारी २०११

फिडेल्मा,

सबंध डिसेंबर तू गप्प. बर्फात गाव बंद, आई दोन गुरुवार येऊ शकली नाही. मला वाटलं, नळांसारखा तुझाही राग गोठला. आणि आज सकाळी डब्लिनहून फोन!

"मिस्टर टॅन्सी, तुमच्या एका नोंदणीकृत खेळाडूचा सतरा हजारांचा निवाडा थकलेला दिसतो."

मी म्हटलं, "कोण खेळाडू? सगळ्यांच्या सह्या दिल्यात."

"फिडेल्मा टॅन्सी. गोलकीपर. वय पंचावन्न."

मला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. मी हसलो. तो बाबा हसला नाही.

लाज आहे का तुला? अकरा मिनिटं! चार गोल! सगळ्या गावाची करमणूक, आणि तू ती नियमपुस्तिकेत गुंडाळून महासंघाच्या टेबलावर ठेवलीस! तुझ्या सहीशिवाय परवाना नाही. परवान्याची बैठक अठ्ठावीसला. परवाना नाही तर क्लब नाही. क्लब नाही तर शंभर कुटुंबांचे पैसे पाण्यात. आईचं कफनसुद्धा. दुकानात लोक मला विचारतात, "तुझी बहीण काय मागतेय?" मी काय सांगू?

सही दे. भाऊ म्हणून सांगतो, सही दे. नाहीतर या गावात तुला पाव विकत मिळणार नाही.

उल्टान

*

१५ जानेवारी

उल्टान,

काल तू पत्र दारातून सरकवलंस. बेल वाजवली नाहीस. मी जिन्यात बसून दाराच्या काचेतून तुझी सावली बघत होते. बराच वेळ उभा होतास. मी उठले असते तर तू पळाला असतास, म्हणून उठले नाही.

आज सकाळी दार उघडलं तर त्यावर रंग फेकलेला. हिरवा, क्लबचा. असा भडक हिरवा गावात दुसरं कुणी वापरत नाही. डबा कुंपणापाशी पडला होता, तुझ्याच दुकानाच्या चिठ्ठीसकट. तू फेकलास असं मी म्हणत नाही. तुला एवढा नेम नाही. पण हा रंग तू क्लबला उधारीवर देतोस, हे मला माहीत आहे. त्या उधारीचे पैसे एकदा मागून बघ. मग आपण बोलू.

आता खेळाडूचं. मी खेळायला आले नव्हते, तू आणलंस. महिला संघाला जिल्ह्याचं अनुदान हवं होतं, त्याला सोळा मुली करारावर लागत होत्या आणि तुझ्याकडे पंधरा होत्या. तू ऑफिसात येऊन टेबलावर हातमोजे ठेवलेस. "नुसतं नाव, फिडेल्मा! बाकावर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा." मग खऱ्या गोलकीपरचं बोट मोडलं आणि तूच ओरडलास, "बाई, उठा!" चार गोल गेले हे तू पबमध्ये सांगतोस. पाचवा मी तोंडानं अडवला, ते कधी सांगत नाहीस. दात अजून हलतो.

पुढे दर वर्षी माझं नाव यादीत जात राहिलं. आणि मला हाकलल्यावर? गेल्या फेब्रुवारीत नवी यादी टाइप करायला ऑफिसात कुणी नव्हतं, कारण टाइप करणारीच हाकललेली. म्हणून तुम्ही जुन्याच यादीवर तारीख बदलून सही ठोकलीत. मला ही युक्ती सुचली असं समजू नकोस. ही तुमची मेहनत आहे.

नियम म्हणतो, खेळाडूचं लवादानं ठरवलेलं देणं. ते पाय वापरून मिळवलं की टाइपरायटर, ते नियम विचारत नाही. वकीलबाईंनी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्यानं, आणि मधे थांबून चष्मा पुसला.

तू विचारतोस, बहीण काय मागतेय ते लोकांना काय सांगू? सांग : पगार.

पावाचं म्हणशील तर मी घरी भाजते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

फिडेल्मा

*

१७ जानेवारी

फिडेल्मा,

रंग कुणी फेकला ते मला ठाऊक नाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकी असेल तर त्याला पुन्हा खिळाही देणार नाही. उद्या ब्रश आणि टर्पेंटाइन घेऊन येतो. तू नको म्हटलंस तरी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. लोकांना सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

मॅकगर्क म्हणतो, ते तीस हजार दान नव्हतं, कर्ज होतं. नव्या कंपनीनं सर्वांत आधी ते फेडावं. तरच तो मैदानाचा भाडेकरार सोडणार, नाहीतर फाटकाला कुलूप. गावानं भरले साठ हजार. त्यातले तीस त्याला गेले तर बाकीच्यात हंगाम रेटायचा. म्हणून मी गप्प बसलो. दुसरं काय करणार होतो? मी खिळे विकणारा माणूस आहे. तो टेबलाच्या पलीकडे बसला की मी आपोआप उभा राहतो.

सतरा हजार माझ्याकडे नाहीत. पोरांसारखे शंभरातले चाळीस घे. मी पाया पडतो.

आई माझ्याशी बोलत नाही. माझ्यासमोर मांजरीशी बोलते : "काय गं, त्याचे पैसे कर्ज आणि आपले पैसे वर्गणी, असंच ना?" तिला कोण सांगतं कोण जाणे.

उल्टान

*

१८ जानेवारी

उल्टान,

पाया पडू नकोस. त्यानंतर उठायला तुला दोन माणसं लागतील.

चाळीस नाही. पोरांना बाविसाव्या वर्षी वाटतं, उरलेले साठ आपण पुढच्या क्लबात कमवू. मला पुढचा क्लब नाही. मी खेळून निवृत्त झालेय.

नीट वाच. गुरुवारी भागधारकांची सभा आहे. मॅकगर्क पहिल्या रांगेत बसेल, कारण दुसऱ्या रांगेत तो कधी बसलेलाच नाही. तू उभा राहा. भाषण करू नकोस, भाषणात तू घसरतोस. एकच प्रश्न विचार : "केक कापला त्या दिवशी इथे कोण कोण होतं?" पुढचं लोक बोलतील. नाही बोलले, तर हा क्लब वाचवण्यासारखा नव्हताच असं मी समजेन. आणि तूही समज.

मी येणार नाही. गुरुवारी रात्री वृद्धाश्रमात माझी कामाची पाळी असते. शिवाय मी दिसले की सभा माझ्याबद्दल होईल. ती केकबद्दल व्हायला हवी.

पैसे मिळाले की तासाभरात सही. चेक चालणार नाही, क्लबचे चेक मीच लिहायचे, ते न वटता कशी उडी मारून परत येतात ते मला माहीत आहे. बँकेचा ड्राफ्ट आण.

दार पुसायला ये. बेल वाजव.

फिडेल्मा

*

२१ जानेवारी

फिडेल्मा,

घडलं तसं लिहितो.

चर्चच्या सभागृहात खुर्च्या पुरल्या नाहीत. मॅकगर्क पहिल्या रांगेत, हॅट मांडीवर. हिशेब वाचायचा आला तेव्हा 'आधीची कर्जं – तीस हजार' ही ओळ मी घाईत वाचून पुढे जाणार होतो. खरं सांगतो, जाणारच होतो. तेवढ्यात आईला खोकला आला. तिला खोकला नाही, हे आपल्या दोघांनाच माहीत.

मी विचारलं, "केक कापला त्या दिवशी इथे कोण कोण होतं?"

मागून कुणीतरी, "मी होतो. बँडमध्ये." मग आणखी एक हात. मग निम्मं सभागृह.

मॅकगर्क हसत म्हणाला, "कसला केक काढलायस, उल्टान? हिशेब वाच."

धोबीण मॉरीन म्हणाली, "हिशेबच चाललाय, साहेब. केकवर काय लिहिलं होतं?"

"मला काय माहीत? बेकरीवाल्यानं लिहिलं."

आणि आई उठली. काठी टेकत, सावकाश. म्हणाली, "'क्लबला मॅकगर्कची भेट' असं लिहिलं होतं. मला माहीत आहे, कारण 'भेट' माझ्या वाट्याला आली होती. गोड होती. मी खाल्ली. आता तू ती परत मागतोस, तर मी कशी देऊ, बाबा?"

फिडेल्मा, असं हसू मी त्या सभागृहात कधी ऐकलेलं नाही. मॅकगर्क उभा राहिला. "ठीक आहे. उद्यापासून फाटकाला कुलूप." मागच्या दारापाशी फादर कॉन्विल चहाचा कप घेऊन उभे होते. ते मॅकगर्कला म्हणाले, "कुलूप घालायला हरकत नाही, जेराल्ड. पण जमीन चर्चची आहे आणि तू दोन वर्षांचं भाडं दिलेलं नाहीस. करार मी उद्या दुसऱ्यांच्या नावे करीन."

त्याचे तीस हजार फेडायचे का, यावर मत घेतलं. त्याच्या बाजूनं नऊ हात. ते नऊ जण त्याच्याकडे कामाला आहेत. सभा संपली तेव्हा ते दाराशी घोळका करून उभे होते. कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं.

ड्राफ्ट सोबत आहे. पूर्ण सतरा. त्याला न दिलेल्या तीस हजारांतून. आईनं स्वतः पाकीट चिकटवलं, आणि यावेळी खरंच उघडलेलं नाही. मी बघत होतो.

उल्टान

*

२६ जानेवारी

उल्टान,

ड्राफ्ट वटला. बँकेतल्या पोराकडे थकलेले हप्ते भरले तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा काहीतरी खेळ मोडला.

सही केलेला कागद सोबत आहे. 'खेळाडू' या शब्दापुढे सही करताना हात जरा ताठ झाला, हे तुला सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मनात ठेव. मॅकगर्क सभागृहातून गेला, गावातून गेलेला नाही. आणि नऊ हात अजून त्याच्याकडे कामाला आहेत.

दार छान पुसलंस. कडेला हिरवं राहिलंय, ते राहू दे.

फिडेल्मा

*

२२ मार्च

प्रिय फिडेल्मा,

परवाना मिळाला हे तुला माहीतच आहे. पहिल्या तीन सामन्यांत आपण एकही जिंकलो नाही, हेही माहीत असेल. तेही सवयीचंच. पुढचं मला आईच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून लिहितोय.

गेल्या महिनाअखेरीस पगाराला पैसे कमी पडले. मॅकगर्क परत आला. हात जोडून, अगदी नम्र. पन्नास भाग विकत घेतले, ज्यांना अडचण होती त्यांचेही घेतले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "अरे, दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच..." तर बँडवाला म्हणाला, "ते वेगळं होतं, उल्टान. तेव्हा त्याला पैसे हवे होते. आता तो देतोय."

मग त्यांनी नवा अध्यक्ष निवडला. मला वाडगा दिला. काचेचा, कोरीव. तळाशी तुझं नाव खरवडलेलं दिसतं.

जाताना मी म्हटलं, दुकानाची उधारी तेवढी द्या. सहा वर्षांचा रंग, कुंपणाची तार, खुर्च्यांचे बोल्ट, सगळं मिळून सहा हजारांवर जातं. नवा खजिनदार म्हणाला, "ते तर तुम्ही क्लबच्या प्रेमापोटी दिलंत ना? तुम्ही स्वयंसेवक." मी म्हटलं, पावत्या आहेत. तो म्हणाला, "जुन्या कंपनीच्या नावे आहेत." आणि मग, फिडेल्मा, त्यानं अगदी समजावणीच्या सुरात मला सांगितलं की हे फुटबॉलचं देणं नव्हे.

घाऊक व्यापारी मला एप्रिलपर्यंत थांबायला तयार आहे. पुढे नाही. दुकान जाईल असं मी म्हणत नाही. पण काल मी शटर ओढताना उगाच थोडा वेळ ते तसंच धरून उभा राहिलो.

तुझ्या त्या वकीलबाई उधारीचंही बघतात का? आधी कुठे जायचं असतं? मला यातलं काही कळत नाही. तू म्हणाली होतीस, एकदा मागून बघ. बघितलं.

तुझा उल्टान

*

२४ मार्च

प्रिय उल्टान,

'म्हटलं नव्हतं का' हे वाक्य मी सकाळपासून तीनदा लिहून तीनदा फाडलं. आईनं चौथा कागद दिला नाही. म्हणून सरळ कामाचं लिहिते.

वकीलबाई उधारीचं बघतात. सोमवारची वेळ घेतलीय, दोघांची. पावत्या असतील नसतील तेवढ्या गोणीत भरून आण, निवडत बसू नकोस. पहिला प्रश्न त्या विचारतील, "तुम्ही क्लबचे नेमके कोण?" तिथे 'स्वयंसेवक' म्हणायचं नाही. छाती काढून 'व्यापारी' म्हणायचं. स्वयंसेवकाला वाडगा मिळतो.

तुम्हाला मॅकगर्क पगारासाठी हवा होता, त्याला तुम्ही नावासाठी हवे होतात. या खेपेला केक होता का, आणि त्यावर काय लिहिलं होतं, हे आठवून ठेव. आईला विचारलं तर म्हणते, "होता. मोठा होता. मी खाल्ला नाही." म्हणजे साक्षीदार तरी शुद्धीवर आहे.

धोबीण मॉरीन, बसवाला आणि छापखानेवाला यांना मी निरोप धाडलाय. त्यांचीही देणी 'फुटबॉलची नव्हेत'. रविवारी प्रार्थनेनंतर माझ्या स्वयंपाकघरात सगळे जमतील. तूही ये. कोबी आणि डुकराचं मांस शिजवतेय, खुर्च्या कमी आहेत, दुकानातून दोन आण. उधारीवर नको, मी रोख देईन.

आणि रडवेला होऊन येऊ नकोस. चार गोल तुझ्यावरही बसलेत, एवढंच. ते चार कसे बसले हे गाव वर्षानुवर्षं सांगत राहील, त्याला इलाज नाही. पाचवा कसा अडवायचा, ते ये, दाखवते. तोंडानं अडवावा लागतो.

तुझी फिडेल्मा